मातीचा फोटो

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते, म्हणजे डोकं आधीच तापलेलं होतं. ती पुण्याला जाऊन फिल्म बनवायचं शिकून आली होती आणि आता उदगीरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरवर माहितीपट करत होती. "मॅडम, ते एरवी बोलबोल बोलतात, पण कॅमेरा चालू केला की मूग गिळून बसतात. तुम्ही शेजारी बसून विचाराल का? वर्गात आम्हाला बोलतं करायचात तसं." वर्गात मी कुणाला बोलतं करायचे हे मला नवीनच होतं, माझ्या आठवणीत तरी निम्मा तास त्यांना गप्प करण्यातच जायचा. मी नाही म्हणणार होते. नांदेडहून उदगीर म्हणजे यष्टीत हाडं खिळखिळी होणार, आणि माहितीपटात माणसं खिडकीबाहेर बघत बसतात नि मागे बासरी वाजते, एवढंच मला ठाऊक. पण बोलता बोलता ती म्हणाली, की हे गृहस्थ पूर्वी मातीचे फोटो काढायचे. मी लाल पेन खाली ठेवलं आणि कधी यायचं ते विचारलं.

आमच्या लातूर-उदगीरकडे अंत्यविधीला माती म्हणतात. मातीला गेलो होतो, मातीला पोचलो नाही, असं बोलतात. आमच्या लिंगायत घरांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात, भजन होतं, आणि तसंच बसलेलं मातीला नेतात. पूर्वी कॅमेरा काही घरोघरी नव्हता. कितीतरी बायाबापड्यांचा जन्मात एकच फोटो निघायचा, तो या दिवशी. माणूस बसलेलंच असायचं, फक्त डोळे मिटलेले. आता भिंतीवर लावायच्या फोटोत मिटलेले डोळे कुणाला बघवतील? मग फोटोग्राफर बारीक कुंचल्याने कागदावर ते डोळे उघडून द्यायचा. उदगीरला हे काम करणारा एकच माणूस आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. कारण आमच्या घरात तसा एक फोटो होता, माझ्या आईचा.

आई गेली तेव्हा मी अडीच वर्षांची होते. वडील उदगीरला नोकरीला, आईला पोटाचं दुखणं, आणि तिची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, लातूरला, दिवस भरत आलेली. आई तिला पत्रात लिहायची, मी बरी आहे, तू अशा अवस्थेत यष्टीत बसू नकोस. मावशीने ऐकलं. ती दुखण्यातही आली नाही आणि मातीलाही पोचली नाही. महिना-दीड महिन्याने वडील मला तिच्या ओटीत घालायला लातूरला आले. सोबत माझ्या कपड्यांची पिशवी होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला, फ्रेम केलेला एक फोटो. तो त्यांनी स्वतः मधल्या खोलीत खिळा ठोकून लावला आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. पुढे दर महिन्याला यायचे, मला चिक्की आणायचे, पण आईचा विषय निघाला की उठून पंख्याचं बटण फिरवायला जायचे. मी कॉलेजात असताना तेही गेले. त्यांना विचारायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. माझी हिंमतच झाली नाही.

फोटोत आई भिंतीला टेकून बसलेली आहे. डोक्यावरून पदर, कपाळभर विभूती. फ्रेमवाल्याने भोवती रुंद सोनेरी पुठ्ठ्याची पट्टी लावल्यामुळे ती छातीपर्यंतच दिसते. डोळे मोठे आहेत, थकलेले, आणि सरळ आपल्याकडे बघणारे.

दुसरी-तिसरीत असताना मला एक सवय लागली होती. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि फोटोसमोर उभं राहून दिवसभराचं सगळं सांगायचं. कोण पडलं, कुणी चुगली केली, बाईंनी कुणाचा कान पिळला. एकदा मावशी मागे येऊन उभी राहिली.

"कुनाला सांगायलीस?"

"आईला. ती बघायलीय."

मावशीने हातातला तांब्या खाली ठेवला. "ते डोळे तिचे न्हाईत माय. मातीचा फोटो हाय त्यो. डोळे फोटोवाल्यानं काढलेत. अक्का अशी कवाच बघत नव्हती."

ती रागावली नव्हती. उलट तिचाच आवाज फुटला होता. पण माझं सांगणं त्या दिवसापासून बंद झालं. परक्या माणसाने काढलेल्या डोळ्यांना मी माझ्या शाळेतलं का सांगू, असं मला वाटलं, आणि एकदा वाटलं ते वाटलंच. मी तशी हट्टीच आहे. पुढे मावशीच्या घराला रंग दिला तेव्हा तो फोटो मी नांदेडला घेऊन आले, पण भिंतीवर लावला नाही. कपाटात साड्यांखाली ठेवला.

तेव्हा उदगीरला जायला मी तयार झाले ती माहितीपटासाठी नाही. त्या माणसाला मला एकच विचारायचं होतं: माझ्या आईचे डोळे तुम्ही कुणाचे बघून काढले?

सगळं उदगीर त्यांना चाचा म्हणतं. स्टुडिओ कधीच बंद झालाय. घरातल्या एका खोलीत जुना मोठा कॅमेरा, भिंगं, निगेटिव्हचे डबे आणि एक टेबल, खिडकीशी लावलेलं. वय ऐंशीच्या पुढे, मेंदीने लाल केलेली दाढी, आणि माणसाकडे बघताना मान जराशी तिरकी करायची खोड. मी आत गेले तशी त्यांनी माझ्याकडे तशीच तिरकी मान करून बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमी डाव्या बाजूनं चांगल्या दिसता. हिकडं बसा." मला आजवर कुठल्याही बाजूने चांगलं दिसण्याबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं, त्यामुळे मी मुकाट बसले.

कॅमेरा चालू झाल्यावर मात्र त्यांचा खांब झाला. हात गुडघ्यांवर, मान ताठ, नजर भिंगात. माझी फिल्मवाली पोरगी म्हणाली, "चाचा, कॅमेऱ्याकडे नका बघू, मॅडमकडे बघा." ते तिलाच ओरडले, "मी पन्नास वर्सं लोकांना हिकडं बगा म्हनलो, अन् तू मला तिकडं बग म्हन्तीस?" मग उठले, तिची तिपाई उचलून खिडकीच्या दुसऱ्या बाजूला नेली, पडदा अर्धा ओढला आणि परत येऊन बसले. "आता घे. माझ्या नाकाची सावली गालावर पडायली हुती." त्यानंतर ते बोलायला लागले. माझं काही कौशल्य त्यात नव्हतं.

मातीच्या फोटोचं मीच विचारलं. ते हसले. "मय्यतचा फोटू लई सोपा, बाई. गेलेलं मानूस हालत न्हाई, शिंकत न्हाई, अन् माझं नाक असं कसं आलं म्हनून भांडत न्हाई. अवघड काय ते पुढचं."

मग त्यांनी पहिल्या वेळचं सांगितलं. फ्लॅश त्यांना कधीच आवडला नाही. फ्लॅश मारला की चेहरा भितो म्हणायचे. घरातल्या खिडकीच्या उजेडावर फोटो घ्यायचा म्हणजे भिंगावरचं झाकण काही क्षण उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ मोजायला ते आकडे म्हणत नसत. जिवंत माणसाला म्हणायचं ठरलेलं वाक्य होतं: इकडं बगा, हालू नका, झालंच हं. हे सावकाश म्हणून होईपर्यंत बरोबर फोटो व्हायचा. "त्या घरी अम्मा बसवलेली. अंधारं घर, एकच खिडकी. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं, अन् सवयीनं त्वांडातनं निघून गेलं, 'अम्मा, इकडं बगा, हालू नका, झालंच हं.' अन् समदं घर वरडून रडायलं. मला वाटलं, आता बदडतेत मला. पन थोरला लेक जवळ आला अन् म्हनला, चाचा, आमी सकाळधरनं नुस्तं रडायलाव, अम्माशी कुनी बोललंच न्हाई. तुमी बोललात."

तेव्हापासून लोक बोलावताना सांगायचे, फोटो काढा पण बोलून काढा. फोटोत काही फरक पडायचा नाही. तरी बोलून काढा.

पोरीचा कॅमेरा चालू होता, तिचे डोळे भरले होते, आणि मी मात्र पर्समधल्या रुमालाशी चाळा करत होते. माझ्या आईलाही हे असंच म्हणाले असतील का, एवढं विचारलं असतं तरी विषय निघाला असता. पण मी पर्सची चेन लावली. त्या दिवशी मी न विचारताच परत आले.

दुसऱ्या खेपेला पोरीने त्यांना डोळे काढून दाखवायला सांगितलं. एक जुना, वाया गेलेला फोटो त्यांनी टेबलावर घेतला. कुंचला इतका बारीक की त्याला दोन-तीनच केस असावेत. हात कापत होता. मला वाटलं, होणार नाही. पण कुंचल्याचं टोक कागदाला लागलं आणि कापणं थांबलं. पापणीची रेघ, मग बुबुळ, मग खालची सावली. शेवटी ब्लेडच्या टोकाने बुबुळात एक ठिपका खरवडला, तीळभर पांढरा. "ह्यो ठिपका टाकला की मानूस बघायलंय. त्याच्या आदी नुस्ते डोळे. माझा ठिपका नेमी हितंच, डाव्या हाताला वर. सही समजा माझी." आणि खरंच, तो फोटोतला म्हातारा आमच्याकडे बघायला लागला. मी खुर्ची मागे सरकवली.

"डोळे कसे असायचे हे तुम्हाला कसं कळायचं?" पोरीने विचारलं. माझाच प्रश्न, पण तिने विचारला.

"मनानं काढले तर बाहुलीवानी दिसतेत. डोळे घरातच असतेत कुठं तरी. दिवसकार्य झाल्यावर मी त्येंच्या घरी जायचो, सगळ्यांना वळीनं बसवायचो. लेकी, भाऊ, नातवंडं. म्हनायचो, अम्मानं हाक मारल्यावर कशी बघायची, तसं बगा. धा जन धा परकारं बघायचे. त्यातला एक बराबर असायचा. कुनाला इचारायची गरज न्हाई, त्यो बराबर बघायला लागला की बाकीचे रडायचे."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे आमच्याही घरातल्या कुणाकडे तरी बघून काढले असणार. मग मी चाचरत विचारलं, "आणि घरात कुणाचेच जुळले नाहीत तर?"

"मग आमच्या बेगमचे," चाचा म्हणाले. "तिला समोर बसवायचो अन् काढायचो. लई घरांत आमच्या बेगमचे डोळे हायत, बाई. ती गेली, पन निलंग्याला हाय, औशाला हाय, देवनीला हाय. कुठं बी गेलो की मला बघायली असती."

पोरगी हसत होती, रडत होती, तिला सोन्याची खाण सापडली होती. माझं मात्र डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले आणि वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय अधिकार? एखाद्या लेकराने आयुष्यभर आई म्हणून बघायचं, आणि डोळे तुमच्या बायकोचे?" पोरीने कॅमेरा बंद केला. मी चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे पेरूच्या गाड्यापाशी उभी राहून मला कळलं की मी रागावलेली नाही, घाबरलेली आहे. त्या काळात आमच्या उदगीरच्या घरात होतं कोण? वडील आणि मी. आईच्या माहेरचं कुणी पोचलेलं नाही. मग कुणाला ओळीने बसवलं असेल त्यांनी? बेगमलाच.

परतीच्या यष्टीत पोरगी खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. जळकोटच्या पुढे मीच तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, फोटो घेऊन चला."

तिसऱ्या खेपेला मी फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून नेला. आधी चाचांची माफी मागितली. ते म्हणाले, "तसं कुनी कवा इचारलंच न्हाई मला. इचाराय पाहिजे हुतं." मी टॉवेल सोडला आणि चाळीस वर्षं तोंडात धरलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं. "ही माझी आई. मातीचा फोटो. मला फक्त सांगा, डोळे कुणाचे?"

त्यांनी मान तिरकी केली. फोटो उजेडात धरला. मग म्हणाले, त्यांना आठवत नाही. असे किती काढले, कुठल्या घरी, कुणाचे, आता डोक्यात सगळा काला झालाय. मी मान हलवली. एवढ्याची तयारी मी करून आले होते, असं मला वाटत होतं. तशी ती नव्हती. पण त्यांनी फोटो परत दिला नाही. "काच चमकायली. खोलू का?" म्हणून विचारलं, पक्कड घेतली आणि मागचे गंजलेले खिळे एकेक करून काढले. काच निघाली, सोनेरी पुठ्ठा निघाला. पुठ्ठ्याखाली फोटो अजून वीतभर होता. त्या वीतभर भागात आईची मांडी होती, साडीचे काठ होते आणि हात होते. मी आईचे हात तोवर पाहिले नव्हते.

चाचांनी भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीकडे वळले. आधी डोळे पाहिले. मग खाली, हातापाशी. मग पुन्हा डोळे. मी पोरीकडे बघितलं, तिने खांदे उडवले.

"बाई," चाचा म्हणाले, "हे डोळे मी काढलेले न्हाईत."

मी चिडलेच. "मागे शिक्का तुमचाच आहे."

"फोटू माझाच हाय. डोळे माझे न्हाईत. माझा ठिपका कुठं हाय ह्याच्यात? हे बगा, ठिपका न्हाईच. खिडकी हाय." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. त्यांनीच माझं मनगट धरून ते नेमकं डोळ्यांवर आणलं. आईच्या बुबुळात एक इवलासा चौकोन होता, मध्ये उभी रेघ. खिडकी आणि तिचा गज. "अन् आता हात बगा. उजवा."

डावा हात मांडीवर स्पष्ट होता, बांगड्या मोजता येत होत्या. उजवा हात गुडघ्याच्या जरा वर उचललेला होता आणि पुसट होता. बोटं एकमेकांत मिसळली होती, ओल्या शाईवरून कुणी हात फिरवावा तशी.

"झाकण उघडं हुतं तवा हाललाय त्यो हात," चाचा म्हणाले. "मी हालू नका म्हनलो असंल, तरी हाललाय. मय्यत हालती का, बाई?"

मला काही कळेना. खरंच कळेना. मी मराठीची प्राध्यापिका, वाक्याचा अर्थ लावण्यावर पोट भरते, आणि ते साधं वाक्य माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी ते वर्गातल्या ढ पोराला सांगावं तसं एकेक शब्द म्हणाले. "डोळे उघडेच हुते. दुकानात येनं झालं न्हाई म्हनून मला घरी बोलवलं असंल. बसवत नसंल, म्हनून भितीला टेकवलं असंल. तुमची आई जित्ती हाय ह्या फोटूत."

मी रडले. दुसऱ्याच्या घरात, कॅमेऱ्यासमोर, प्राध्यापिका असून, नाक गळेपर्यंत रडले. आमची चूक तरी कशी, पाहा. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवतात, म्हणून आजारी बाई भिंतीला टेकून बसलेली दिसली की आम्हाला ती गेलेलीच वाटली. विभूती तर ती रोजच लावत असणार. मावशीने फोटोकडे एकदा बघितलं आणि ठरवून टाकलं; वडिलांना कुणी विचारलं नाही; आणि मी सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडे बघणाऱ्या आईकडे पाठ करून जगले. आता पन्नाशीच्या अलीकडे उभी राहून मी तिच्याकडे बघत होते, आणि ती तिशीचीही नव्हती. माझ्याहून केवढी लहान.

हात का उचलला असेल, ते चाचा सांगू शकले नाहीत. मीही तर्क केला नाही. केला, खोटं कशाला बोलू. घरात अडीच वर्षांचं पोर होतं आणि ते एका जागी बसणारं नक्कीच नव्हतं.

निघताना चाचांनी फोटो नव्या कागदात बांधून दिला आणि बजावलं, काच नाही तोवर बोट लावू नका, घामाचा डाग पडतो. तो प्रसंग फिल्ममध्ये ठेवायचा का, हे पोरगी मला तीनदा विचारून झाली आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मी नांदेडला न जाता लातूरची गाडी धरली. आधी आनंदाने धरली, मावशीला कधी सांगते असं झालं होतं. मग वाटेत तो आनंद उतरायला लागला. चाळीस वर्षं मावशी म्हणत आली होती, अक्का अशी बघत नव्हती. ते थकलेले डोळे फोटोवाल्याने चुकवलेत, या एका समजुतीवर तिने स्वतःला सांभाळलं होतं. आता मी जाऊन काय सांगणार? की अक्का अशीच बघत होती. तू आली नाहीस, तेव्हा ती अशी झाली होती. मला आई मिळाली होती, पण मावशीकडून तिची बहीण काढून घेतल्याशिवाय ते मला सांगता येणार नव्हतं. नळेगावपर्यंत मी ठरवलं की गप्प बसायचं. लातूर आलं तेव्हा कळलं की जमणार नाही. मला लपवाछपवी येत नाही. मला मावशीनेच वाढवलंय.

ती ज्वारी निवडत बसली होती. वय झालंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी खडा एक सुटत नाही तिच्या हातून. मी समोर बसले आणि जसं घडलं तसं सांगितलं. खिडकी सांगितली, हात सांगितला. ती सुपातून मान वर न करता ऐकत होती. मी थांबले तरी तिची बोटं चालूच होती. खडा, दाणा, खडा.

मग म्हणाली, "हात हाललाय?"

"हो."

"दाव."

मी कागद सोडून फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिने चष्मा पदराने पुसला, घातला, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्या डोळ्यांकडे नीट बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता ही मोडणार, आणि हिला मोडणारी मीच, असंच मला वाटत होतं.

"मला लिहीत हुती, बरी हाय म्हनून," मावशी म्हणाली. "दर पत्रात. बरी हाय, तू येऊ नकोस."

"तुझी काळजी वाटायची तिला."

मावशीने माझं ऐकलंच नाही. ती फोटोशी बोलत होती. "हे बरं व्हय गं? असं असतंय बरं? खोटारडी." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र धाकट्या बहिणीचा होता, भांडणारा, लाडात आलेला. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मला तर ती कायम आईसारखी मोठीच माहीत. "खोटारडी कुठली. म्या आले असते की."

मी म्हणाले, "मावशी, बोट लावू नको, डाग पडतो म्हणालेत."

"पडू दे," ती म्हणाली, आणि तिने आपला ज्वारीच्या धुळीने माखलेला तळहात त्या हाललेल्या हातावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला.